स्फटिकावरचं तूप

नोरझिमा दांबायेव्नाचा राग संस्थेत सगळ्यांना पाठ होता. जिन्यावर तिच्या जाड लोकरीच्या नमद्याच्या बुटांचा धपधप आवाज आला की व्हरांड्यात सिगारेटी फुंकणारे शास्त्रज्ञ आपापल्या खोल्यांत सटकत. लग्न नाही झालं म्हणून अशी, असं कोणी म्हणे. बापावर गेली, असंही कोणी म्हणे. बाप गुरं राखणारा, रागाच्या भरात एकदा सामूहिक शेताच्या अध्यक्षाला चिखलात लोळवून आलेला. पण कारण विचारायची तसदी सैबेरियातल्या आमच्या अख्ख्या उलान-उदेत कोणी घेतली नव्हती. कारण साधं होतं. नऊ वर्षं तिला खोटं ठरवत होते, आणि तेही गोड भाषेत.

तिचं काम द्रवांचं. पाणी, ग्लायकॉल, तेल अशा पातळ वस्तूला बाजूनं ढकललं की ती वाहते, आणि गेली ती गेली. रबर ताणून सोडलं तर मागे येतं, पाणी येत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. नोरझिमाचं म्हणणं एवढंच होतं की ढकलणं पुरेसं झपाट्यानं केलं तर पाणीसुद्धा मागे ओढतं. वाहायला त्याला सवडच मिळत नाही. तिच्याकडे बोटाएवढी स्फटिकाची कांडी होती. विजेच्या जोरावर ती सेकंदाला पाऊण लाख वेळा थरथरायची. कांडीच्या टोकावर थेंब ठेवायचा, थेंबावर काचेची घासून गुळगुळीत केलेली चकती टेकवायची, म्हणजे थेंबाचा केसाहून बारीक थर होतो. मग कांडीची थरथर किती बदलली ते आकड्यांत वाचायचं. द्रव नुसताच वाहत असता तर थरथर मंदावायला हवी होती. ती वाढायची. अगदी किंचित, पण वाढायची. म्हणजे थेंब कांडीला धरून मागे ओढत होता.

हे तिनं प्रबंधात लिहिलं आणि प्रबंध तपासणीसाठी मॉस्कोला वादीम ल्वोविचकडे गेला. वादीम ल्वोविच मोठा माणूस. काचेच्या धाग्यांत राळ ओतून जे तक्ते करतात, विमानाच्या अंगाला लावतात, त्यांच्यातून कानाला न ऐकू येणारा बारीक आवाज सोडायचा आणि त्यावरून त्यांचा ताठपणा मोजायचा, ही रीत त्यानं बसवलेली. तिनं प्रबंध दोनदा पाठवला, दोन्ही वेळा त्यानं तो परत केला. अभिप्राय तोच: लेखिकेची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे, मात्र आढळलेला परिणाम द्रवाचा नसून चकतीवरच्या मळाचा असावा.

मळ. तो शब्द वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. धाग्यांमधली राळ अशी ताठ होते, तशी ताठ होते, असं हाच माणूस सांगतो आणि सगळे माना डोलावतात, का, तर विमान उडतं. तिच्या थेंबावर काही उडत नव्हतं. मग तिचा मळ. त्यातही, मॉस्कोहून आमच्या बुर्यातांकडे बघताना मळ जरा जास्तच दिसतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. विद्यार्थिनी असताना वसतिगृहात तिच्या खोलीतली मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती की हिच्या कपड्यांना मेंढीचा वास येतो. त्या दिवसापासून नोरझिमा जितकी घासूनपुसून राहायची तितकी कोणी दवाखान्यातली परिचारिकाही राहत नसेल. आता तिनं हाताला मलम लावायचं सोडलं. थंडीनं बोटं फुटून रक्त यायचं, तरी नाही. शुद्ध अल्कोहोलनं ती चकती एकदा पुसायची, दुसऱ्यांदा पुसायची, आणि तिसऱ्यांदा पुसताना मनातल्या मनात वादीम ल्वोविचला शिव्या घालायची.

अल्कोहोल मात्र टिकत नसे. प्रयोगशाळेचे प्रमुख गावरील शागदुरोविच स्वभावानं दिलदार. चोर म्हणावं तर स्वतःसाठी थेंब नेत नसत. जे नेत ते पाहुण्यांसाठी. हिशेब तपासणारा आला, कारखान्याचा अभियंता आला, कुणाच्या पोराला नोकरी लावणारा आला, की प्रयोगशाळेच्या मोठ्या बाटलीतलं अल्कोहोल बाहेर निघायचं, त्यात पाणी आणि रानातल्या तांबड्या बोरांचा रस पडायचा, आणि संस्थेची कामं मार्गी लागायची. यावरून नोरझिमा त्यांच्याशी कडाकडा भांडायची. ते हसून म्हणायचे, अगं, तुझा स्फटिकसुद्धा अशाच एका बाटलीवर मिळालाय.

प्रबंध तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा कळलं की वादीम ल्वोविच स्वतः येतोय. कारखान्यात तक्त्यांची तपासणी होती. त्यातून एक दिवस काढून तो हे द्रवांचं प्रकरण डोळ्यांनी बघून निकालात काढणार होता. त्याला पटलं तर प्रबंध मंजूर, नाही पटलं तर कायमचा बाद. दिवस त्यानं नेमका सागालगानचा निवडला होता, आमच्या पांढऱ्या महिन्याचा, नव्या वर्षाचा पहिला दिवस. त्याला बिचाऱ्याला त्याचं काय.

आदल्या दिवशी दुपारीच नोरझिमानं ओळखलं की उद्या प्रयोगशाळेत अल्कोहोलचा टिपूस उरणार नाही. मॉस्कोचा पाहुणा आणि वर सागालगान, म्हणजे गावरील शागदुरोविचना रान मोकळं. म्हणून ती शहाणपणा करून बसली. काच घासणाऱ्या कारागिराकडून नुकतीच आलेली कोरी चकती तिनं उरलेल्या शुद्ध अल्कोहोलनं पुसून लख्ख केली, झाकणाच्या काचेच्या डबीत ठेवली, आणि डबी कोटाच्या आत छातीशी धरून घरी नेली. प्रयोगशाळेत ठेवली असती तर कुणीतरी हाताळली असती. इथल्या एकाही माणसाच्या हातांवर तिचा विश्वास नव्हता.

घरी तिची आई बुतित, वय झालेली, पण पाठीचा कणा अजून ताठ. ती पहाटे अंधारात उठली, चहाचा पहिला घोट तिनं खिडकीतून आभाळाला शिंपडला, चुलीवर सलामात ढवळायला घेतलं. आंबट साय मंद आचेवर शिजून तिच्यातून पिवळंधमक तूप सुटू लागलं की घरभर जो वास पसरतो, तो आला म्हणजे वर्ष बदललं. नोरझिमा उठून आवरत होती. टेबलावर डबी होती.

सकाळी संस्थेत पोचल्यावर तिचा अंदाज खरा ठरला. मोठी बाटली कोरडी. तिला रागापेक्षा समाधानच वाटलं की आपण ओळखून होतो.

वादीम ल्वोविच उंच, किडकिडीत, आवाज हळू. तिनं मनात जो राक्षस रंगवला होता तसा तो मुळीच नव्हता, आणि याचाही तिला राग आला. त्यानं कोट काढला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, दाखवा. तिनं चिमट्यानं चकती उचलली, ग्लायकॉलचा थेंब ठेवला, वर चकती टेकवली. आकडे फिरले आणि थांबले.

थरथर वाढली होती. नेहमीच्या तिप्पट.

तिनं थेंब बदलला, पुन्हा घेतलं. पुन्हा तिप्पट. वादीम ल्वोविच पुढे वाकला. त्यानं चष्मा काढून पुसला, स्वतः आकडा वाचला. मग म्हणाला की इतकं स्पष्ट त्यानं अपेक्षिलं नव्हतं. नव्या चकतीनं फरक पडलेला दिसतो. असं असेल तर विरोध करण्याचं त्याला काही कारण उरत नाही.

नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं सहज पडलं. नोरझिमाला आनंद झाला, झालाच. पण इतका आकडा तिनं कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली की चकती पुन्हा एकदा पुसून घेऊ. पण गावरील शागदुरोविचनी पाहुण्याचा कोट हातात धरलाच होता. चला, जेवण निवतंय.

जेवण नोरझिमाच्याच घरी होतं. गावरील शागदुरोविच कम्युनिस्ट पक्षाचे सभासद, त्यांना आपल्या घरी सागालगानसारखा जुना सण मांडणं परवडणारं नव्हतं. शिवाय बुतितच्या हातच्या बूझा, मटण भरून वाफवलेल्या, साऱ्या इमारतीत नावाजलेल्या. टेबलावर बोरांच्या रसानं तांबडं केलेलं संस्थेचं अल्कोहोल सुरयांतून चमकत होतं. नोरझिमानं तिकडे बघायचं टाळलं. पाहुण्यानं नाही नाही म्हणत सलामातची वाटी संपवली, बूझेतला रस शर्टावर सांडला, हसला. माणूस वाईट नव्हता.

बुतितला रशियन जेमतेम येई. तिनं पाहुण्यापुढे दोन्ही हातांनी दुसरी वाटी धरली आणि लेकीकडे बघून आपल्या बुर्यात भाषेत विचारलं, "झालं ना गं तुझं काम नीट? मला वाटलंच होतं. सकाळी तू केस विंचरत होतीस ना, तेव्हा तुझ्या त्या नव्या काचेला मी तुपाचं बोट लावलं."

नोरझिमाच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

"काय लावलंस, एझी?"

"तूप. नवी वस्तू घरात आली, तीही सागालगानला, आणि तशीच कोरडी बाहेर पाठवायची? तुझ्या पाळण्यालासुद्धा लावलं होतं. आणि काळजी नको करूस, डाग राहू दिला नाही. बाहीनं पुसून चकचकीत केली."

वादीम ल्वोविचनं कुतूहलानं विचारलं की आजीबाई काय म्हणतायत.

"तुम्हाला दीर्घायुष्य चिंततायत," गावरील शागदुरोविच ताबडतोब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग सुरई उचलता उचलता, हसऱ्या तोंडानं, बुर्यातमध्ये नोरझिमाला म्हणाले, "तोंडातून शब्द काढू नकोस. आधी सही होऊ दे. मग पुसून घे हवी तितकी. तुझा आकडा खराच आहे ना? मग आज तो तिप्पट आला काय नि चौपट आला काय."

नोरझिमाला सगळं एकदम कळलं. सायीचं तूप काचेवर पातळ थर होऊन बसलं होतं, गार होऊन थिजलं होतं, आणि कांडीला मागे ओढत होतं ते तेच. नऊ वर्षं हा माणूस म्हणत होता की चकतीवर मळ आहे, आणि नव्हता. आज होता, आणि आज त्याला पटलं होतं. तिचा खरा, बारीकसा, रक्त येईपर्यंत घासून मिळवलेला आकडा त्याला दिसला नाही, आणि म्हातारीच्या बाहीनं पुसलेलं तूप दिसलं. आणि हे सांगायचं म्हणजे त्याच्या हातात आयतं कोलीत द्यायचं. न सांगावं तर उभा जन्म तुपाच्या जोरावर मिरवायचं.

तिला आईचा राग आला, लगेच स्वतःचा आला. साऱ्या संस्थेच्या हातांवर संशय घेतला, आणि डबी आणून ठेवली ती सागालगानच्या पहाटे घराच्या टेबलावर. ही चूक आमच्याशिवाय कोण करणार. मग तिला समोरच्या त्या हसऱ्या प्रमुखांचा असा काही राग आला की बाकीचे राग त्यात बुडून गेले.

"माझी आई दीर्घायुष्य चिंतत नाहीये," ती रशियनमध्ये म्हणाली. "ती सांगतेय की सकाळी तिनं चकतीला तूप लावलं. आमच्यात नव्या वस्तूला लावतात. तुम्ही पाहिलात तो आकडा तुपाचा होता."

बुतित एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिनं वाढलेली दुसरी वाटी पाहुण्यापुढे भरलेली तशीच.

"म्हणजे मळच," वादीम ल्वोविच अखेर हळूच म्हणाला.

"आज मळ. आजचा दिवस. उठा, कोट घाला, आपण परत जातोय. चकती तुम्ही पुसायची, तुमच्या हातानं."

पुसायला अल्कोहोल कुठून आणणार? सगळं टेबलावर तांबडं होऊन बसलेलं. नोरझिमानं गावरील शागदुरोविचपुढे नुसता हात पसरला. ते जरा वेळ छताकडे बघत बसले. मग त्यांनी आतल्या खिशातून चपटी बाटली काढली, बिनपाण्याची, खास जवळच्यांसाठी राखलेली, आणि तिच्या तळहातावर ठेवली.

दुपारच्या उन्हात गोठलेल्या रस्त्यावरून दोघं संस्थेत गेली. वादीम ल्वोविचनं बाह्या सारल्या. ती शेजारी उभी राहून सांगत होती, अजून एकदा, कडेला राहिलंय, पुन्हा. त्यानं निमूटपणे केलं. थेंब त्यानंच ठेवला, चकती त्यानंच टेकवली. आकडे फिरले आणि थांबले, तिच्या ओळखीच्या जागी. त्यानं थेंब काढून पाणी घेतलं, मग तेल घेतलं, थर जाड केला, बारीक केला. थर बारीक होईल तशी ओढ वाढत होती, शिस्तीत. मळ असा वागत नाही, हे त्याला कळत होतं. आपल्याला कळतंय हे तिला दिसतंय, हेही त्याला कळत होतं.

"फार लहान आहे," तो म्हणाला.

"लहानच लिहिलंय मी. तुम्ही वाचलंत ना?"

तो खिडकीशी गेला. तिथून म्हणाला, "नोरझिमा दांबायेव्ना, तुम्ही गप्प का नाही बसलात? सकाळच्या आकड्यावर मला लिहिता आलं असतं की नवी चकती आली, साधनं सुधारली, म्हणून मत बदललं. यावर काय लिहू? हे तर पहिल्यापासून तुमच्या प्रबंधात आहे. म्हणजे मी दोनदा चुकलो असं लिहावं लागेल."

"मग लिहा की," ती म्हणाली.

त्यानं कोट घातला. विचार करतो म्हणाला, तिच्याशी हात मिळवला आणि विमानतळावर गेला.

निकाल इर्कुत्स्कला लागला, पुढच्या शरदात. पदवी देणाऱ्या मंडळाच्या लांब टेबलाभोवती माणसं बसली होती. गावरील शागदुरोविच मागच्या खुर्चीत रुमालानं मान पुसत होते. नोरझिमानं आपलं काम मांडलं. मग वादीम ल्वोविच उठला. त्यानं हळू आवाजात तिच्या चिकाटीची तारीफ केली आणि म्हणाला की चकतीवर बाह्य पदार्थ असल्याचं लेखिकेनं स्वतः, त्याच्या समक्ष, कबूल केलं आहे. त्यापुढे त्याला काही जोडायचं नाही.

तो खोटं बोलला नव्हता, म्हणूनच ते इतकं जिव्हारी लागलं. एक माणूस हसला. कोणीतरी तूप हा शब्द कुजबुजला, म्हणजे गोष्ट मॉस्कोभर सांगून झाली होती. समोरचा पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या डोक्यावर रिकामा करावा असं नोरझिमाला अगदी खरोखर वाटलं. हात तांब्यापर्यंत गेलाही होता. पण तो पुन्हा मांडीवर आला आणि ती उभी राहिली.

"मी कबूल केलं त्यानंतर तुम्ही चकती पुसलीत. तुमच्या हातानं. नंतर काय दिसलं ते या लोकांना सांगा."

तो म्हणाला की त्याचा इथे संबंध नाही. अध्यक्ष म्हातारे होते, इतका वेळ पेंगत असावेत असं वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "संबंध आहे की नाही ते आम्ही बघू. काय दिसलं, वादीम ल्वोविच?"

त्यानं समोरचे कागद सरळ केले.

"शून्य नव्हतं," तो म्हणाला आणि खाली बसला.

मतं मोजली तेव्हा ती कमीच पडली. तुपाची गोष्ट आधी येऊन पोचली होती, आणि 'शून्य नव्हतं' हे एवढ्याशा आवाजात म्हटलेलं अर्ध्या टेबलानं ऐकलंही नव्हतं. प्रबंध बाद झाला. व्हरांड्यात गावरील शागदुरोविच तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की मी सांगत होतो. ती त्यांच्याकडे अशी वळली की त्यांनी हात काढून खिशात घातला. पदवीची आपल्याला पर्वा नाही असं दाखवायचा ती प्रयत्न करत होती आणि ते तिला जमत नव्हतं. पर्वा होती. फार होती. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली, सगळी बैकाल सरोवराची कड संपेपर्यंत.

घरी बुतितनं दार उघडलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा ओतला. नोरझिमानं बूट काढले, टेबलाशी बसली. म्हातारीला कुणी सांगितलं होतं देव जाणे, शेजारणीनं किंवा प्रमुखांच्या बायकोनं, पण तुपानं आकडा बिघडला होता हे तिला माहीत होतं. महिनोन् महिने ती ते पोटात धरून बसली होती. तिचे जाड, गाठीचे हात टेबलावर पालथे पडले होते.

"माझ्या तुपानं घालवलं ना गं?"

"नाही, एझी. तुपानं मिळतच होतं. तूप होतं असं मी खरं सांगितलं, त्यानं घालवलं."

बुतितला ते कळायला वेळ लागला. तिनं पुन्हा विचारलं, त्या माणसानं स्वतः पुसलं होतं ना, स्वतः पाहिलं होतं ना. नोरझिमानं मान हलवली. आणि तरी तिथे उभं राहून फक्त तुपाचंच सांगितलं? नोरझिमानं पुन्हा मान हलवली. म्हातारीचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. गुरं राखणाऱ्या नवऱ्याचा राग तिनं आयुष्यभर निस्तरला होता, स्वतः कधी आवाज चढवला नव्हता. आता ती उठून उभी राहिली, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि म्हणाली,

"अशा माणसाला मी दुसऱ्यांदा वाटी भरून वाढली?"